जॉबरची झांज

जॉबरच्या खोलीत बसायची जागा ठरलेली होती. खिडकीसमोर एक लाकडी स्टूल असायचं. येणाऱ्यानं त्यावर खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि उजेड चेहऱ्यावर पडला की मगच बोलायचं. दारातून आत येता येता कोणी सुरुवात केली, की जॉबर हात वर करून त्याला थांबवायचा. "आधी बस. उजेडात बस. मग काय ती बडबड कर." बाजूला उभं राहून, पाठ फिरवून किंवा मोबाइलमध्ये डोकं घालून बोललेलं त्याला अजिबात चालत नसे. आम्हाला ही गुरूची शिस्त वाटायची, आणि असल्या शिस्तीचं आम्हा हेडफोनच्या शौकीन मंडळींना भारी कौतुक असतं.

समोर असताना मी त्याला अहोजाहो करायचो. इथं करणार नाही, कारण मला राग आलेला आहे आणि रागात ते जमत नाही. राग जॉबरवर आहे, आमच्या टोळीवर आहे, आणखी कोणावर आहे ते पुढे येईलच. दोन वर्षं झाली, उतरलेला नाही. लोक म्हणतात की लिहून काढलं की बरं वाटतं. बघू या.

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, राहायचे. गिरणीच्या साचेखात्यात तो जॉबर होता, म्हणजे रांगेतले साचे, कापड विणायचे माग, ज्याच्या देखरेखीखाली चालतात आणि बिघडले की ज्याला हाक मारतात तो माणूस. गिरणी गेली, हुद्दा नावासारखा चिकटून राहिला. पुढे गिरगावातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो सोल्डरिंग शिकला. हेडफोनच्या वायरी बदलणं, कानाच्या गाद्या बदलणं, तुटलेली पट्टी सांधणं यात त्याचा हात असा बसला, की पार कुलाब्यापासूनचे पैसेवाले शौकीन तो लाकडी जिना चढायला लागले. त्यातल्या तरुण पोरांना 'जॉबर' ही ध्वनिशास्त्रातली कुठलीतरी इंग्रजी पदवी वाटायची. एकानं तर मला विचारलंही, हा कोर्स कुठं करतात म्हणून. मी त्याला पत्ता सांगितला नाही, कारण त्या पत्त्यावर आता काचेचा मॉल आहे.

खोलीत कपडे वाळत घालायची एक लांब दांडी होती. तिच्यावर जॉबरचे हेडफोन टांगलेले असायचे. मोठे, लाकडी वाट्यांचे, जाळीचे, कातडी गाद्यांचे, एकाला लागून एक. वहिनींची लुगडी दांडीच्या एका टोकाला जीव मुठीत धरून लटकायची. "एक आणलो की दोन इकतंत, म्हणान सांगतंत," वहिनी मला चहा देताना सांगायच्या, "पण दांडी काय रिकामी होणा नाय." आणि मधूनच खोलीतली ट्यूब एकदा विझून परत पेटायची. तसं झालं की जॉबर मान वळवून स्वयंपाकाच्या ओट्याकडे बघायचा. मी आठ वर्षं समजत होतो की चाळीचं वायरिंग जुनं आहे.

आता आमच्या टोळीबद्दल. आम्ही दर रविवारी सकाळी जॉबरकडे जमायचो, बाकीचे सहा दिवस फोनच्या ग्रुपवर एकमेकांना छळायचो. लोक विचारतात, एका डोक्याला किती हेडफोन लागतात? मी स्वतः अकरा घेतले होते, तेव्हा उत्तर द्यायचा हक्क मला आहे. नवा हेडफोन आला, की पहिला आठवडा वाटतं, अरे, हे तर आधी कधी ऐकलंच नव्हतं. गाणारीनं श्वास घेतलेला कळतो, तबलजीची अंगठी कळते. दुसऱ्या आठवड्यात त्या अंगठीची सवय होते. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी ग्रुपवर लिहितो की हा ठीक आहे, पण अमका ऐकलात का? झालं. त्या क्षणापासून आपल्या कानावरच्या वस्तूत काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं, आणि जे कमी आहे ते पुढच्या खोक्यात आहे अशी खात्री पटते. गाणं ऐकणं कधीच सुटलेलं असतं. तेच चार तुकडे लावायचे, तीच तीस सेकंदं, डोळे मिटून मान हलवायची आणि आपलं मत इतरांच्या मताशी जुळतंय ना हे बघायचं. या शेवटच्या गोष्टीसाठी माणूस सगळ्यात जास्त खर्च करतो, आणि ती कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते.

जॉबरचं वेगळं होतं. त्याच्याकडे परीक्षेसाठी एकच तुकडा होता. चाळीच्या गणपतीतलं भजन, कोणीतरी पूर्वी टेपवर घेतलेलं, पुढे मोबाइलमध्ये उतरवलेलं. भरपूर खरखर, मागं कोणाचा तरी खोकला, मध्येच प्रसादाची भांडी. पण त्यात पखवाज होता, पेटी होती आणि झांज होती, आणि झांज खुद्द जॉबरची होती. नवा हेडफोन दांडीवर चढण्याआधी या भजनातून जायचा. जॉबर तो डोक्यावर चढवायचा, गुडघ्यावर दोन्ही तळहात झांजेसारखे धरायचा आणि थांबायचा. मग हेडफोन उतरवून आमच्याकडे बघायचा. "पखवाज बरो आसा. पेटी बरी आसा. पण झांज खंय गेली?"

एरवी तो आमच्याशी मुंबईचं मराठी बोलायचा. मनापासून बोलायचं असलं की मालवणी यायची. हे वाक्य कायम मालवणीत यायचं. मग तो हेडफोन आमच्यात फिरायचा. प्रत्येकानं स्टुलावर बसायचं, उजेडात, आणि भजन ऐकून सांगायचं.

मी पहिल्यांदा त्या स्टुलावर बसलो तो दिवस मला नीट आठवतो. भजन सुरू झालं आणि झांज वाजली. अगदी समोर, कपाळाच्या मधोमध, खणखणीत. मी डोळे उघडले. जॉबर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. माझ्या आधी तीन जण बसून गेले होते आणि तिघांनीही सांगितलं होतं की झांज मागं बसली आहे. मला वाटलं, हे मागं बसणं म्हणजे काहीतरी बारीक प्रकरण असणार, माझ्यासारख्या नवख्याला अजून न कळणारं. मी म्हणालो, "हो, जॉबर. मागं बसलीय जरा." त्यानं समाधानानं मान डोलावली. "याला कान आहे," तो बाकीच्यांना म्हणाला. त्या एका वाक्यावर मी आठ वर्षं काढली.

साच्याच्या गोष्टी तो फार रंगवून सांगायचा. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडतात, तिथं ओरडून काही उपयोग नसतो. तिथले लोक ओठांनी बोलायचे. तोंड मोठं उघडून, आवाज न काढता. "पाच साचे सोडून उभ्या असलेल्या माणसाला मी शिवी दिलेली कळायची," जॉबर सांगायचा. आणि एक रीत होती. शेजारच्याच्या साच्यावर धागा तुटलेला दिसला, की आपण हात वर करायचा. तो दोस्त असो, दुश्मन असो, त्याच्याशी काल भांडण झालेलं असो. त्यानं बघितलं नाही तर दुसऱ्यानं हात वर करायचा, मग तिसऱ्यानं. रांगेच्या रांगेत हात वर व्हायचे, जोवर त्या माणसाचं लक्ष जात नाही तोवर. हे सांगताना जॉबर स्टुलावरून उठून हात वर करून दाखवायचा, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

ओठ वाचायची ती कला त्याच्याकडे अजून होती आणि आम्ही तिची गंमत करायचो. विसर्जनाला लालबागच्या नाक्यावर ढोलताशांच्या ऐन कल्लोळात आम्ही एकमेकांच्या कानात ओरडत असायचो आणि जॉबर समोरच्या गॅलरीतल्या बाईशी खुशाल मासळीचा भाव बोलत असायचा. एकदा त्याला घेऊन आम्ही लोअर परळच्या मॉलमध्ये गेलो. तिथं हेडफोनची एक भपकेबाज शोरूम आहे, ऐकायला वेगळ्या खोल्या, कोचावर बसवतात. मॉल ज्या जागेवर उभा आहे ती त्याची गिरणी. जॉबरनं दारातच जमिनीवर पाय आपटून बघितला आणि म्हणाला, "माझे साचे या बाजूला होते." सेल्समन कपाटाकडे तोंड करून नव्या मालाची माहिती सांगत होता. जॉबरनं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला आपल्याकडे वळवलं. "आता बोल." आम्ही हसून हसून बेजार झालो. गिरणीनं काय घेतलं आणि आता तिथं काय विकतात, याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मी पण हसणाऱ्यांतच होतो.

मग तो हेडफोन आला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. जॉबरनं तो चढवला, तळहात धरले, आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं तेच भजन तीनदा ऐकलं. "ह्याच्यात जरा पुढे आली," तो म्हणाला. "जराशीच. पण आली." आठ वर्षांत त्यानं इतकं चांगलं कशालाच म्हटलं नव्हतं. पंधरा दिवसांत आमच्या ग्रुपमधल्या नऊ जणांनी तो मागवला. त्यात मीही होतो. आणि मायबाप वाचकहो, तो हेडफोन म्हणजे कानात दाभण होतं. झांज तर सोडाच, 'स' आणि 'श' सुद्धा कानाचा पडदा फाडून जायचे. पाच मिनिटांत डोकं धरायचं. तरीसुद्धा नऊच्या नऊ जणांनी ग्रुपवर लिहिलं की अप्रतिम, इतका मोकळा आवाज ऐकलाच नव्हता. आमच्यातला सावंत, बँकेत आहे, सगळ्यात उत्साही, त्यानं तर लांबलचक निबंध लिहिला. त्याच्या बायकोनं पुढे माझ्या बायकोला सांगितलं की सावंत गाद्यांच्या आत कापूस भरून ऐकायचा. नऊ मोठी माणसं, शिकलेली, पगारदार, आणि एकालाही म्हणवेना की बाबांनो, दुखतंय.

माझी बायको सुप्रिया या सगळ्यापासून चार हात लांब असायची. एका रविवारी आम्हाला प्रभादेवीला परत जाताना काही खरेदी करायची होती, म्हणून ती माझ्याबरोबर जॉबरकडे वर आली. जॉबरला बायकांचं फार अगत्य. त्यानं तिला मानानं स्टुलावर बसवलं, तो कान फाडणारा हेडफोन तिच्या केसांवर सांभाळून ठेवला आणि भजन लावलं. "वहिनी, आता सांगा. झांज कुठंय?"

सुप्रियानं लगेच दोन्ही हातांनी हेडफोन वर उचलला. "झांज? अहो, ही काय, इथंच आहे! केवढी कर्कश वाजतेय. कान फुटला माझा."

सावंत खिडकीबाहेर बघायला लागला. जॉबर क्षणभर तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच, कारण मला कान होता. त्या नजरेत प्रश्न अगदी सरळ होता. त्या वेळी मी काय करायचं होतं? मान हलवायची होती. तेवढंच. मी म्हणालो, "तिला सवय नाही हो ऐकायची." जॉबर हसला. म्हणाला, "होतं असं. वहिनी, चहा घ्या."

रस्त्यावर आल्यावर सुप्रियानं मला फैलावर घेतलं. "तुला ऐकू येत होती ना झांज?" मी म्हटलं, "येत होती, पण ते तसं नसतं." "मग कसं असतं? त्या माणसाला ऐकू येत नाही. तुमच्यातल्या एकालाही कळलं नाही? त्यांच्या बायकोला त्यांना हाक मारायची असली की ती ट्यूब बंद करून चालू करते. मी अर्धा तास बसले तेवढ्यात तीनदा केलं तिनं. आणि तू आठ वर्षं तिथं जातोयस!" मी तिच्यावरच चिडलो. तुला काय कळतं यातलं, वगैरे जे जे म्हणता येईल ते म्हणालो. भारतमाता नाक्यापासून घरापर्यंत आम्ही भांडत आलो, आणि पूर्ण रस्ताभर मला एकेक गोष्ट आठवत होती. स्टूल. उजेड. तो साधा फोन कधी घ्यायचा नाही, व्हिडिओवरच या म्हणायचा. सेल्समनचे खांदे.

दुसऱ्या दिवशी जॉबर बाजारात गेला असताना मी वहिनींना गाठलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "माका म्हायत नाय काय?" त्या म्हणाल्या. "गिरणी बंद पडायच्या आधीपासून कमी येता. मी डॉक्टरकडे चला म्हटलंय तर म्हणतत, साच्यावरच्या सगळ्यांचा असाच आसा, त्यात काय मोठा. सगळेच तसे, म्हणजे कोणच भयरो नाय." मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "आणि तुमी सगळे शिकलेले लोक येऊन सांगतास झांज मागे बसली, झांज मागे बसली. मगे ते माझा कित्याक ऐकतीत?" मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सरळ सांगायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही. मी जॉबरला थापच मारली. दादरला एक खास जागा आहे, आवाजबंद खोली आहे, तिथले हेडफोन बाजारात मिळत नाहीत, चला ऐकून येऊ. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. दारावरची कानाच्या तपासणीची पाटी वाचून त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. पण आत ती काचेची खोली दिसली, खुंटीवरचा हेडफोन दिसला, आणि शौक रागाला भारी पडला. आत जाऊन त्यानं आधी गादीवर अंगठा दाबून बघितला आणि कान तपासणाऱ्या बाईंना सांगितलं, "मॅडम, गादी बदलायला झालीय. मी देतो बदलून."

आवाज आला की बटण दाबायचं, मॅडमनी समजावलं. त्या काचेच्या अलीकडे यंत्रापुढे बसल्या, जॉबर पलीकडे, समोरासमोर. जॉबर पटापट बटण दाबायला लागला. एकही चुकेना. मी मनात म्हटलं, सुटलो, सुप्रिया चुकली. मॅडमच्या कपाळाला मात्र आठी पडली. त्यांनी हात टेबलाखाली घेतला आणि जॉबरचं बटण थांबलं. हात वर आला, बटण सुरू झालं. तो त्यांच्या मनगटाची शीर हललेली बघत होता. आयुष्यभर ज्यानं साच्यावर माणसं वाचली त्याला एक मनगट काय जड होतं? मॅडम उठून आत गेल्या आणि त्यांनी त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली.

मला त्याची पाठ दिसत होती आणि बटणावरचा अंगठा. यंत्रावर दर आवाजाला एक हिरवा दिवा लागायचा. दिवा लागत होता, विझत होता. परत लागत होता. अंगठा हलला नाही. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही, पण त्या वेळात मला शरमेनं बसवेना, आणि तरी मी बसलो.

आलेख पुढ्यात ठेवून मॅडमनी नीट सांगितलं. माणसाचं बोलणं थोडंफार पोचतं, पखवाज पोचतो, पेटी पोचते. वरचे बारीक, धारदार आवाज पोचत नाहीत, आणि जास्त मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं हेच होतं. "आठ-दहा वर्षांपूर्वी आला असता तर कानाच्या मशीनचा फायदा खूप जास्त झाला असता," त्या म्हणाल्या. त्यांनी नमुन्याची दोन मशीनं त्याच्या कानांत बसवली. जॉबर पुटपुटत होता की आता मशीन लावून फिरू काय, लोक काय म्हणतील. मग मॅडमनी आलेखाचा कागद उचलला आणि तो दचकला. "कागद एवढा वाजतो?"

आणि मी, ज्याला कान होता, मोठ्या उत्साहानं खिशातून मोबाइल काढून ते भजन लावलं.

पखवाज आला. पेटी आली. झांज आली. जॉबरचे तळहात आपोआप गुडघ्यावर गेले आणि पहिल्याच ठोक्याला हवेत थांबले. "पत्र्याच्या डब्यासारखी वाजतेय," तो हळू म्हणाला. इतक्या हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "पण वाजतेय." मग म्हणाला, "ही पयल्यापासून वाजत होती?"

मी मान खाली घालून मोबाइल बंद करत होतो. "हो," मी म्हणालो. माझ्या चेहऱ्याकडे न बघता त्याला ते ऐकू आलं. त्यानं असा ऐकलेला माझा हा पहिला शब्द.

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"तू आयकत होतंस?"

"हो."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

मी म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, जॉबर."

"माका वायट वाटला असता?" तो उठला. तो चिडलेला मी खूपदा बघितला होता, पण असा नाही. "माका काय वाटायचा ता वाटला असता. तुका लाज वाटली असती. तुका कान नाय, असा लोकांनी म्हटला असता, म्हणान गप ऱ्हवलंस." मॅडम मध्ये पडायला गेल्या, त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. तो हात तसाच वर ठेवून तो माझ्याकडे वळला. "साच्यावर धागो तुटलो तर शेजारचो हात वर करता. वळख नसली तरी करता. इतके जण होतास तुमी. दर आयतवारी माझो चाय पिऊन गेलास. एकाचो हात वर झालो नाय."

त्यानं मशीनं काढली नाहीत. ती लावूनच तो बाहेर पडला आणि दादरच्या त्या गर्दीत दोन्ही कानांवर हात ठेवून चालायला लागला, कारण सगळंच एकदम वाजत होतं. मी मागून हाक मारली. "जॉबर!" त्याला ती ऐकू आली, हे त्याच्या मानेवरून मला कळलं. तो वळला नाही.

आता माझा राग ऐका. होय, मी त्याच्यावर चिडलो आहे. आपल्याला ऐकू येत नाही हे ज्या माणसाला आतून माहीत होतं, त्यानं ते कबूल करायचं सोडून खोक्यांमागून खोकी का मागवली? चण्याएवढ्या मशीनची लाज, आणि डोक्यावर दोन वाट्या घालून बसायची लाज नाही? वहिनींनी वर्षानुवर्षं ट्यूब विझवली आणि पेटवली, त्यांचा आवाज परत मिळवायला याला एक चक्कर दादरला मारता येत नव्हती? झांजेसाठी पन्नास हेडफोन, बायकोच्या हाकेसाठी एकही नाही! हे मी त्याला तोंडावर सांगणार होतो. पुष्कळ वेळा पाठ करून ठेवलं होतं. पण प्रत्येक वेळी शेवटी तेच एक वाक्य आडवं येतं, की मला कान आहे असं तो म्हणाला होता आणि ते मी मोडू दिलं नाही. ते मोडलं असतं तर जॉबरची ती सगळी वर्षं वाचली असती. मॅडम म्हणाल्याच होत्या.

पुढच्या महिन्यात जॉबर आणि वहिनी खोली पुतण्याच्या ताब्यात देऊन कणकवलीजवळ आपल्या गावी गेले. जाण्याआधी त्यानं दांडी रिकामी केली. ग्रुपमधल्या प्रत्येकाला बोलावून एकेक हेडफोन दिला. सावंतच्या कापसाचं जॉबरला कळलेलं असावं, कारण सावंतला मुद्दाम मऊ आवाजाचा दिला. मला बोलावलं नाही. सावंतनं मला त्या हेडफोनचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, तुला कुठला मिळाला?

वहिनी सुप्रियाला अधूनमधून फोन करतात. गावच्या देवळात तो भजनाला बसतो, मशीन लावून, झांज घेऊन. रात्री मशीन काढून ठेवा म्हटलं तर भांडतो म्हणे. दांडीवर आता फक्त लुगडी असतात. गेल्या शिमग्याला मी धीर करून त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं उचलला. माझा चेहरा बघितला, मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यानं फोन पालथा ठेवून दिला. बंद केला नाही, पालथा ठेवला. मला नुसता काळोख दिसत होता आणि मागं जॉबर कोणाशी तरी गवत कापण्याबद्दल बोलत होता, सावकाश, मध्ये मध्ये थांबून समोरच्याचं ऐकत. त्याला आता माझ्या ओठांची गरज उरली नव्हती. मी बराच वेळ ऐकत बसलो आणि मग मीच बंद केला.

ग्रुप मी सोडला. हेडफोन घेणं सोडलेलं नाही. सुप्रिया विचारते, "आता कशाला?" मी सांगतो, याचा आवाज जरा वेगळा आहे. तिला ते खरं वाटत नाही आणि ते खरं नाहीच. खोकं आलं की मी दार लावून घेतो, हेडफोन चढवतो आणि ते भजन लावतो. माझ्याकडे त्याची प्रत आहे. पखवाज येतो, पेटी येते, आणि मी श्वास धरून बसतो. मला एक तरी असा हेडफोन हवा आहे ज्यात झांज खरोखर मागं बसलेली असेल. एकच पुरे. म्हणजे आठ वर्षांत एकदा तरी मी जॉबरशी खरं बोललो होतो असं होईल. कालच एक नवा आला. लाकडी वाट्यांचा, महागडा, सगळे म्हणत होते की याचा आवाज फार मवाळ आहे.

त्यातही वाजते.